काचेतला उतारा

आमच्या घरमालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, आणि त्या सकाळी चौकाकडून येताना दिसल्या की सगळी गल्ली दारं लोटून घ्यायची. कारण त्यांच्या हातात नारळ असायचा. देवाचा नव्हे. कुणीतरी आजारी माणसावरून ओवाळून तिन्हीसांजेला चौकात नेऊन ठेवलेला, हळदीकुंकू माखलेला, सोबत लिंबू आणि दहीभात. उताऱ्याचा नारळ. जो ओलांडेल त्याला ती पिडा लागते म्हणून लोक लांबून वळसा घालून जातात. आमच्या अक्का मात्र तो उचलून, पदराला पुसून, काखोटीला मारून घरी घेऊन यायच्या.

मी त्यांच्याकडं वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. माझी शाळा लिंबागणेशच्या पुढं एका खेड्यात. सकाळी जीपमध्ये स्वतःला कोंबायचं, दिवसभर पोरांपुढं घसा बसवायचा, खिचडी शिजली का बघायची, वरून मागवलेली माहिती मोबाइलवर भरायची आणि संध्याकाळी परत कोंबून घ्यायचं. घरी आल्यावर माणसाचं तोंड बघायची ताकद राहत नाही हो. म्हणून खोली घेताना मी एकच अट घातली होती, घरमालकानं वर गप्पा मारायला यायचं नाही. अक्कांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मी कशाला यीन? माजे गुडघे गेलेत. तूच यीत जाशील." झालंही तसंच. जिना त्यांच्या हॉलमधूनच वर जायचा, आणि हॉलमध्ये दिवाणावर त्या बसलेल्या असायच्या, मिश्रीचं बोट तोंडात घालून. चुकवून जाणार कुठं?

पहिल्यांदा तो नारळ बघितला तेव्हा मी दारातच थांबले. "अक्का, हे घरात आणलंत?"

"मंग कुठं ठिवू? उद्या सकाळी कुणाचं लेकरू शाळंत जाताना ओलांडंल."

मी विज्ञान शिकवते. मला वाटलं, चला, कुणीतरी शहाणं भेटलं. म्हटलं, "म्हणजे तुमचा यावर विश्वास नाही तर."

"इस्वास न्हाई कावून? इस्वास हाय म्हून तर उचलायली."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, मी दुसरीतली पोर असल्यासारखं. पिडा काही हवेत विरघळत नाही. आपल्या घरातली काढली की ती दुसऱ्याच्या घरात जाते. "ही चोरीच झाली का न्हाई? उलटी चोरी. आपलं वंगाळ दुसऱ्याच्या घरात नेऊन टाकायची. माजं काय, वय झालंय. माज्यापाशी येऊन बसू दे तिला." एवढं बोलून त्यांनी तो नारळ उंबऱ्यावर फोडला आणि संध्याकाळी खोबऱ्याची चटणी वाटून वाटीभर वर पाठवली. ती मी खाल्ली का, ते विचारू नका. दमून आलेल्या माणसाला भूक असते, तत्त्वं नसतात.

अक्का अशाच होत्या, सगळ्याच बाबतीत. त्यांच्यामुळं कुणाला चिमूटभर त्रास झालेला त्यांना खपायचा नाही, आणि हे न खपणं त्या इतक्या मोठ्या आवाजात सांगायच्या की त्रास झालाच तर त्यानंच व्हायचा. दवाखान्यात कुणी "आजी, तुमी पुढं व्हा" म्हटलं की भांडायच्या. "कावून? तुला काय दुखत न्हाई का? न्हाई दुखत तर कशाला आलास बे?" तो बिचारा ओशाळून जायचा. शेजारणीची वाटी रिकामी परत जायची नाही, आणि पाया कुणाला पडू द्यायच्या नाहीत. मी एकदा दिवाळीला वाकले तर पाय दिवाणावर उचलून घेतले. "माज्याकडं द्यायला काय हाय गं? आशीर्वाद म्हून माजे गुडघे देऊ का तुला?"

घर मोठं होतं. दिंद्रुडकडची बड्या शेतीवाडीची माणसं, बीडला येऊन स्थिरावलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा एकच. ठेकेदारी करायचा, आणि पुढारपणही. बॅनरवर मोठ्या पुढाऱ्यांच्या खाली लहान गोलात त्याचा फोटो असायचा. त्याला सगळे भाऊ म्हणायचे, म्हणून मीही भाऊच म्हणते. त्याचा आईवर जीव होता, यात मला कधी शंका आली नाही. पण तो जीव उभ्याउभ्या होता. पांढऱ्या कपड्यांत आत यायचा, कानाला फोन, हॉलच्या मधोमध थांबून विचारायचा, "आई, गोळ्या घेतल्यास का?" आणि अक्कांनी तोंड उघडायच्या आत फोनमध्ये म्हणायचा, "हां साहेब, बोला." अक्का माझ्याकडं बघायच्या. "घेतल्या," असं मला सांगायच्या.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. त्या त्याला मशीनवर जाणं म्हणायच्या. गल्लीत कुजबुज झाली ती काय सांगायला पाहिजे का? दुनियेचे उतारे घरात आणले, आता भोगा. भाऊलाही तेच वाटायचं. एकदा तो चिडून बोललाच, "जगाचं वंगाळ अंगावर घेतलंस तू आई. आता ते उतरवायचं कसं, सांग." अक्का म्हणाल्या, "उतरवायचं न्हाईच. जिरवायचं."

आणि मग एके दिवशी मी शाळेतून आले तर हॉलमध्ये काचेची मोठी पेटी. निळा दिवा, खाली रंगीत खडे, एक प्लॅस्टिकचा किल्ला, बुडबुडे सोडणारी मोटार. आत सात-आठ सोनेरी मासे आणि एक काळा. भाऊनं कुणा वास्तूवाल्याला आणलं होतं. गळ्यात तीन-चार माळा, हातातल्या मोबाइलवर होकायंत्र, बोलणं एकदम गुळगुळीत. तो अक्कांना समजावत होता की सोनेरी मासे बरकत आणतात आणि काळा मासा घरातलं वाईट शोषून घेतो. भाऊ, त्याची बायको आणि मी उभे होतो. अक्का दिवाणावर.

"शोषून कुठं ठिवतो?" अक्कांनी विचारलं.

"स्वतःमध्ये घेतो, आई. तुमचं दुखणं तो घेणार."

"आन मंग?"

"मग कधीतरी त्याचं काम संपतं. तो जातो. मासा मेला तर अजिबात वाईट वाटून घ्यायचं नाही. उलट समजायचं, आपल्यावरचं गेलं. लगेच नवा आणायचा."

अक्का पुढं वाकून पेटीकडं बघायला लागल्या. काळा मासा दोन बोटांएवढा असेल, फुगीर डोळ्यांचा, जरा मंद. काचेला नाक लावून तोंड उघडायचा आणि मिटायचा.

"म्हंजी ह्यो उताराच हाय," त्या म्हणाल्या. "चौकातला मला उचलता तरी येत व्हता. ह्यो काचंत घालून माज्याच उशाला ठिवला."

वास्तूवाला हसला. भाऊही हसला. वहिनी, म्हणजे भाऊची बायको, हसली नाही. तिला सासूचा स्वभाव माहीत होता.

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. दिवसभरात काही फुलपात्रं, बस्स. उन्हाळ्यात अक्कांचे ओठ फुटायचे. तोंडात लवंग धरून त्या बसायच्या, आणि समोर पेटीभर पाणी निळ्या दिव्यात हलायचं. मला ते बघवायचं नाही. एकदा म्हटलं, "अक्का, दिवाण फिरवून घेऊ का दुसऱ्या भिंतीला?" तर म्हणाल्या, "राहू दे. त्याला पाणी हाय आन जागा न्हाई. मला जागा हाय आन पाणी न्हाई. बसतो समोरासमोर." पुढं म्हणाल्या, "पर मला निदान कळतंय मी कुणाची कोण ते. त्याला कावून आणलं, त्याला कुणी सांगितलंय का?"

आता नळाची गोष्ट. आमच्याकडं नळ रोज येत नाही. पंधरा दिवसांनी येतो, कधी त्याहून उशिरा, आणि आला की घराघरात धांदल उडते. शिळं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासायची, हौद, ड्रम, कळशा, पातेली, लेकरांच्या बाटल्या, जे दिसेल ते भरून घ्यायचं. ताजं पाणी म्हणजे मान. पाहुण्याला त्या दिवशी पाणी देताना आम्ही मुद्दाम सांगतो, "आजचंच हाय." तर त्या दिवशी वहिनीच्या मनात आलं, आपण सगळे ताजं पाणी पिणार आणि मुकी लेकरं शिळ्यात? तिनं जुन्या पाण्यासकट मासे बादलीत काढून पेटी रिकामी केली, खडे घासले, किल्ला घासला आणि नळाची नळी थेट पेटीत सोडली. सोनेरी मासे एकेक करून त्यात टाकले. काळा तेवढा हाती लागत नव्हता, म्हणून जुन्या पाण्याच्या बादलीतच राहिला.

संध्याकाळी मी आले तेव्हा सोनेरी मासे पोट वर करून तरंगत होते, आणि वहिनी डोक्याला हात लावून बसली होती. मी वाकून वास घेतला. नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास मारत होता, नाकाला झोंबेल इतका. मी सांगितलं, पावडरीनं मेले, पाणी दोन दिवस उघडं ठेवून मग घालायचं असतं. वहिनी रडायलाच लागली. "मी चांगलं म्हणून घातलं हो बाई!" चांगलं म्हणूनच घातलं होतं तिनं. घरात त्याहून चांगलं दुसरं काही नव्हतंच. एरवी मी कुणाचं सांत्वन करायच्या फंदात पडत नाही, पण त्या दिवशी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण दोनच दिवसांनी अक्कांचे रिपोर्ट आले आणि ते आधीपेक्षा बरे आले. अंगावरची सूजही उतरली होती. झालं! भाऊनं वास्तूवाल्याला फोन लावला, आणि तासाभरात भाऊच पेढ्यांचे पुडे घेऊन हजर. साऱ्या गल्लीत वाटले. "माशांनी घेतलं आईवरचं." मलाही पेढा दिला. पावडरीचं काय, असं मी म्हणाले, तर म्हणाला, "मॅडम, निमित्त काहीतरी लागतंच की." विज्ञानाची शिक्षिका पेढा हातात धरून गप्प बसली. वाद घालायला अंगात त्राण लागतं.

अक्कांनी पेढा घेतला नाही. त्या दिवशी जेवल्याही नाहीत. मी खाली जाऊन बसले आणि परत पावडरीचं पुराण लावलं, की अक्का, तुमचा यात काही संबंध नाही, ते क्लोरीन असतं, माशाच्या कल्ल्यांना सोसत नाही.

"आसंल," त्या म्हणाल्या. "पावडरच आसंल. पर पेढे कावून वाटले?"



मग त्यांनी सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी नवरा तापानं फणफणला होता. सासूनं उतारा काढून वेशीत ठेवला. ऊसतोडीला निघालेली टोळी ट्रकची वाट बघत तिथंच उतरली होती. त्यातल्या एका बाईची लहान पोरगी खेळत खेळत गेली आणि त्यातलं लिंबू उचलून घेतलं. दोन दिवसांनी नवरा उठून बसला. ती पोरगी तापानं गेली, ट्रकमध्ये बसायच्या आत. "तापाचीच साथ व्हती मास्तरीण, मला काय कळत न्हाई का? गावात लई लोक तापले व्हते. पर सासूनं त्या दिशी पुरण घातलं. त्या बाईचं रडणं आमच्या सैपाकघरात ऐकू यायलतं, आन मी पुरण वाटायलते." मग म्हणाल्या, "मी खाल्लं बी. नवी नवरी, न्हाई म्हणायची टाप व्हती का?"

त्या दिवसापासून मी त्यांच्या नारळांबद्दल काही बोलले नाही.

उरलेल्या काळ्या माशाची त्यांनी राखण सुरू केली ती तेव्हापासून. राखणच म्हणायचं. कुणी पेटीजवळ बादली घेऊन फिरकलं की दिवाणावरून आवाज यायचा, "कवाचं पाणी हाय?" दोन दिवसांचं शिळं पाणी एका वेगळ्या ड्रममध्ये ठेवलेलं असायचं, त्याला वहिनी "काळ्याचा ड्रम" म्हणायची. लाइट गेली की बुडबुड्यांची मोटार बंद पडायची. मग अक्का पळी घेऊन पाणी ढवळत बसायच्या, वर उचलून खाली सोडायच्या, धापा टाकत. मी म्हणायचे, द्या इकडं. त्या द्यायच्या नाहीत. "याचं मशीन बंद पडलंय. मशीन बंद पडल्यावर कसं व्हतं ते तुला न्हाई, मला ठाऊक." मशीनवर जायच्या दिवशी मला सकाळीच हाक यायची, "मास्तरीण, त्याच्याकडं ध्यान ठिव." मी जीप सोडून माशाकडं ध्यान देणार होते का? पण हो म्हणायचे. आणि दिवसभर वर्गात मला त्या माशाची काळजी लागून राहायची, हे मात्र खरं. नसती ब्याद!

त्याला सोडून द्यावं, हा विचार त्यांचाच. "तुज्या शाळंच्या गावात बारव हाय म्हणतीस. पाणी असतंय का तिला?" असतं, मी म्हटलं. एका सुट्टीच्या दिवशी, मशीनची पाळी नसताना, आम्ही निघालो. मासा कळशीत, कळशी अक्कांच्या मांडीवर, वर ओला रुमाल. जीपमध्ये एक म्हातारबाबा विचारायला लागला, दूध आहे का. "पाव्हणा हाय," अक्का म्हणाल्या. "हात नगा लावू." मांजरसुंब्याला जीप बदलली. घाटाच्या उन्हात त्यांचा जीव पाणी पाणी करत असणार. त्यांनी मात्र कळशीतलं पाणी तापेल म्हणून रुमाल पुन्हा भिजवून घेतला.

बारव छान होती, पाणी हिरवं आणि गार. अक्कांना मी दंडाला धरून चार पायऱ्या उतरवलं. त्या कळशी तिरकी करणार, एवढ्यात समोरच्या दगडावरून खंड्या सुटला. निळा झोत पाण्यात शिरला आणि चोचीत चांदीचं काहीतरी घेऊन परत दगडावर. आपटलं, गिळलं. अक्का बघत राहिल्या. मग त्यांनी कळशीवर हात धरला. हाताची सावली पडल्याबरोबर काळा वर आला आणि तोंड उघडून बसला, रोज दाणे मागायला यायचा तसा.

"बगितलंस?" त्या म्हणाल्या. "सावली पडली की ह्यो वर येतो. खंड्याची पडली तरी येईल. पळायचं असतंय, ह्येच त्याला कुणी शिकवलं न्हाई."

"बाकीचे मासे आहेत की अक्का. शिकेल हळूहळू."

"शिकंस्तोवर खंड्या थांबंल का?" कळशी त्यांनी परत मांडीवर घेतली. "कोंडायला पाच मिण्टं लागत्यात बघ. सोडायला जागाच ऱ्हात न्हाई." परत येताना मांजरसुंब्याला धाब्यावर त्यांनी अर्धा कप चहा घेतला, दुसऱ्या दिवशीच्या पाण्यातून वजा करून. कळशी टेबलावर मधोमध. मला इतका थकवा आला होता की तिथंच मान टाकावीशी वाटत होती.

पावसाळा संपला तशी त्यांची तब्येत उतरत गेली. मशीनवरून आल्या की दिवसभर ग्लानीत. सूज परत आली, श्वास लागायला लागला. भाऊनं डॉक्टर बदलले, मोठ्या शहरात नेऊन आणलं. वास्तूवाला परत येऊन गेला. त्याचं म्हणणं, काळा मासा काम करत नाही, कारण आईच त्याला करू देत नाहीत. त्यांनी त्याला धरून ठेवलंय, म्हणून पिडा त्यांच्याकडंच अडकलीय. हे तो अक्कांच्या कानावर पडेल असंच बोलला. अक्कांनी डोळे उघडले नाहीत, पण मिश्रीचं बोट हलायचं थांबलं.

त्यानंतरच्या रविवारी नळ आला. मी माझ्या बादल्या भरून हॉलमधून वर नेत होते. भाऊ दवाखान्यातून आला. डॉक्टरांनी त्याला काय सांगितलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. फोन कानाला नव्हता. अंगणात जाऊन त्यानं नळाखालची भरलेली बादली उचलली, आत आला आणि पेटीसमोर उभा राहिला. वहिनी दारातून ओरडली, "अहो, आत्ताचं पाणी हाय ते!"

"ठाऊक हाय मला," भाऊ म्हणाला.

त्याला माहीत होतंच. त्या घरात आता सगळ्यांना माहीत होतं, ताजं पाणी घातलं की काय होतं.

"आई, तू तिकडं तोंड कर."

"न्हाई करत," अक्का म्हणाल्या. आवाज क्षीण होता, पण शब्द सगळे जागेवर होते. "वत तू. मी बघती. आन मंग मशीनला मी येणार न्हाई, ते बी ऐक. कुणाच्या जिवावर मी दवाखान्याची पायरी चढणार न्हाई."

"मासा हाय गं त्यो, आई! एक मासा! बाजारात ढीगभर मिळत्यात!"

"मंग ढीगभर आण आन ढीगभर मार. किती मारल्यावर मी नीट व्हते, ते इचार तुज्या त्या माळावाल्याला. तुला त्यो एक मासा हाय. त्याला त्यो सोता हाय."

बादलीतलं पाणी भाऊच्या पांढऱ्या विजारीवर सांडत होतं. इतका मोठा माणूस, चार गावांत वजन असलेला, हमसून हमसून रडायला लागला. "मग मी काय करू सांग! डॉक्टर बदलले, गाडी दारात उभी केली, म्हणशील ते आणलं. आता माज्या हातात काहीच न्हाई आई!"

"हाय की," अक्का म्हणाल्या. "बादली हाय. ती ठिव खाली."

त्यानं ती ठेवली.

"आता हितं ये. बस."

भाऊ दिवाणाच्या कडेला टेकला. त्या घरात मी राहायला आल्यापासून त्याला आईजवळ बसलेलं मी पहिल्यांदा बघत होते. खिशात फोन वाजला, वाजत राहिला, थांबला. अक्कांनी त्याचा हात ओढून आपल्या छातीवर घेतला. "पिडा माजी हाय," त्या म्हणाल्या. "तिला कुणाच्या दारात नेऊन टाकू नगंस. हितंच बसू दे माज्यापाशी. आन तू बी बस. येवढंच पायजे व्हतं मला, आन तू मासे आणत बसलास."

मी माझ्या दोन्ही बादल्या उचलून वर गेले. जिन्यात दोनदा थांबावं लागलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

त्यानंतर भाऊ रोज बसायचा. गाडी बाहेर उभी, माणसं बाहेर खोळंबलेली, आणि हा आत आईचे पाय दाबत. दोघं फार बोलत नव्हते. मी शाळेतून आले की अक्का हातानंच वर जा म्हणायच्या. आता गप्पांना त्यांना माझी गरज नव्हती. खरं सांगते, मला थोडं तुटल्यासारखं झालं. दिवाळीनंतर त्या गेल्या. घरीच, सकाळी, भाऊ जवळ असताना.

तेराव्याला सगळे नातेवाईक जमले होते. मी आणि वहिनी पंगतीतली ताटं उचलत होतो. भाऊची आत्या, म्हणजे अक्कांची नणंद, दिंद्रुडहून आलेली, हॉलमध्ये पेटीसमोर खुर्ची टाकून बसली होती. काळा मासा किल्ल्यामागून यायचा, काचेपाशी तोंड उघडायचा, वळून जायचा. चांगला टुणटुणीत होता. आत्यानं जरा वेळ बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "येवढं पोसलं ह्येला, आन येळंला कामाला आलं न्हाई. वैनी गेली, ह्ये मेलं न्हाई."

पाहुण्यांनी माना हलवल्या. भाऊ कोपऱ्यात डोकं तासलेला बसला होता. मोठ्यांना उलट उत्तर द्यायची त्या घरात रीत नाही. तो उठला, ड्रममधलं पाणी तांब्यात घेऊन आला आणि पेटीत हळूच ओतायला लागला.

"त्याला कामाला लावलंच न्हवतं आत्या," तो म्हणाला. "आईनं लावू दिलं न्हाई."

"मंग आता कशाला ठिवलाय?"

"कुठं जाईल? आपणच आणलाय." त्यानं तांब्या रिकामा केला. "ऱ्हाऊ दे. मरंल तवा आपल्या मौतीनं मरंल."